रणगाडा विमानातून पॅराशूटने टाकायचा तर काय काय करावं लागतं: एका पॅकिंगवाल्याने लिहिलेलं, पायरी पायरीने

बडोद्याच्या आकाशात सी-२९५ हे मालवाहू विमान दिसणं आता रोजचं झालंय. हवाई दलाची अकरावी स्क्वाड्रन इथलीच, आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ५६ पैकी ४० विमानं आपल्या गावात जोडली जाणार, त्यामुळे पोरांच्या तोंडी तोच विषय. माझा भाचा एनसीसीत आहे, तो मागच्या उन्हाळ्यात अगाशीवर गाद्या टाकून पडलो होतो तेव्हा म्हणाला, "मामा, ह्या विमानातून रणगाडा टाकता येईल का हो?" मी पटकन नाही म्हणालो, पण का नाही ते सांगायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

मी मकरपुरा जीआयडीसीत बावीस वर्षं मशिनरी पॅकिंग आणि डिस्पॅच करतोय. सैन्यात कधी नव्हतो, जे लिहितोय ते वाचून, समजून, आणि स्वतःच्या धंद्याशी ताडून. पण हा विषय मला इतका जवळचा का वाटतो तर मुळात हे पॅकिंगचंच काम आहे, फक्त ट्रकच्या जागी विमान आणि क्रेनच्या जागी पॅराशूट. एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडायच्या मुलाखतीची तयारी करणारी पोरं, वॉरगेम बनवणारे, युद्धकथा लिहिणारे, ह्यांना डोक्यात नीट क्रम लागावा म्हणून हे लिहितोय. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळ्यांचं लक्ष पॅराशूटकडे असतं, पण पॅराशूट हा त्यातल्या त्यात सुटलेला प्रश्न आहे. अडतं दोन जागी, जमिनीच्या वरचा शेवटचा हातभर आणि जमिनीवरचा पहिला अर्धा तास.

आधी ठरवा, टाकायचाच आहे का

विमान उतरवता येत असेल तर उतरवा, रॅम्पवरून गाडी चालवत बाहेर काढा, ह्यासारखं काही नाही. १९६२ मध्ये आपल्या एएमएक्स-१३ टँक एएन-१२ विमानांतून लडाखमधल्या चुशूलला नेल्या त्या उतरवूनच. २०२० मध्ये लडाखला टी-९० नेले तेही तसेच. टी-९० हा ४६ टनांचा, त्याला पॅराशूट बांधायचा विचारसुद्धा कोणी करत नाही. टाकायची वेळ येते ती धावपट्टी शत्रूच्या हातात असते किंवा नसतेच तेव्हा, आणि खाली उतरलेल्या पॅराट्रूपर्सकडे हातातल्या शस्त्रांपलीकडे काही नसतं तेव्हा. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर रशियन सैनिक हेलिकॉप्टरने उतरले, पण मागून जड सामान आणायला धावपट्टी वेळेत मोकळी झाली नाही आणि त्या हलक्या तुकडीचे हाल झाले. ही जी मधली पोकळी आहे ती भरायला हा सगळा खटाटोप.

वजन आणि माप

टेप घ्या आणि विमानाच्या पोटाची मापं काढा. सी-२९५ ची केबिन जास्तीत जास्त २.७ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच, वजन नऊ-साडेनऊ टनांपर्यंत. आपली बीएमपी-२, म्हणजे सैनिक नेणारी, रणगाड्याहून हलकी चिलखती गाडी, आहे १४.३ टनांची, ३.१५ मीटर रुंद, म्हणजे दारातूनच आत जाणार नाही, भाच्याचं उत्तर इथेच संपलं. आयएल-७६ ह्या मोठ्या मालवाहू विमानाचं पोट साधारण ३.४५ मीटर रुंद आहे, त्यात बसते, पण दोन्ही बाजूला वीतभरसुद्धा जागा उरत नाही हे लक्षात घ्या, कारण गाडी आत नुसती उभी करायची नाहीये, ती सरकत बाहेर जायचीय.

म्हणून ज्यांनी हे काम मनावर घेतलं त्यांनी विमानाच्या मापाने गाडीच नवीन बनवली. सोव्हिएत बीएमडी-१ ही पॅराट्रूपर्सची चिलखती गाडी साडेसात टनांची, ॲल्युमिनियमच्या बॉडीची. अमेरिकेची शेरिडन ही हलकी टँक पण ॲल्युमिनियमची, साधारण १५ टन. पातळ पत्रा म्हणजे चिलखत कमी, हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा लागतो: आकाशातून येणारी गाडी जमिनीवरून येणाऱ्या गाडीपुढे कायम नाजूकच असणार.

गाडी तयार करणं

हे पटकन सांगतो. टाकी पूर्ण भरायची नाही, पाऊण ठेवायची, कारण डिझेलला हलायला आणि फुगायला जागा लागते. बॅटरीतलं ॲसिड सांडणार नाही हे बघायचं. तोफेची नळी लॉक करायची, टरेट, म्हणजे तोफेचा बुरूज, फिरता कामा नये. आत सुटं काही ठेवायचं नाही, एक पाना जरी मोकळा राहिला तरी धक्क्याच्या वेळी तो गोळीसारखा उडतो. काचा, पेरिस्कोप, अँटेना झाकायचे किंवा काढून आत बांधायचे. आमच्याकडे मशीन डिस्पॅचला जाताना कंट्रोल पॅनलचं दार टेपने बंद करतो ना, तेच.

प्लॅटफॉर्म, लॅशिंग आणि कागदाचं पोळं

इथे मी रेंगाळणार आहे, कारण हा माझा विषय.

गाडी सरळ पॅराशूटला लटकवत नाहीत. खाली एक धातूचा प्लॅटफॉर्म असतो जो विमानातल्या रोलरवरून घसरतो. आपल्याकडे आग्र्याच्या एडीआरडीई ह्या डीआरडीओच्या लॅबने आयएल-७६ साठी पी-७ नावाची सिस्टीम बनवलीय, सात टनांच्या वर्गातली, आणि त्याहून मोठी पी-१६. गाडी प्लॅटफॉर्मला पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी बांधतात. किती ताकदीने? अमेरिकन पद्धतीत हिशोब असा की पुढच्या दिशेने वजनाच्या तिप्पट, मागे आणि बाजूंना दीडपट, वरच्या दिशेने दुप्पट ताण आला तरी माल हलला नाही पाहिजे. १५ टनांच्या गाडीला पुढच्या बाजूचं लॅशिंग ४५ टन झेलणारं हवं. रॅचेट बेल्ट कचकचून ओढला म्हणजे झालं असं मानणारे लोक मी रोज बघतो, त्यांना हा आकडा दाखवावासा वाटतो.

आता तो शेवटचा हातभर. गाडी पॅराशूटखाली सेकंदाला आठ मीटरच्या आसपास वेगाने येते. ऐकायला हळू वाटतं, पण उलटा हिशोब करा, सव्वातीन-साडेतीन मीटर उंचीवरून एखादी वस्तू सोडली तर ती ह्याच वेगाने आपटते. म्हणजे पॅराशूट लावूनही तुम्ही १५ टनांची गाडी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडताय! तिला दोन सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १६०-१७० पट, वेल्डिंग उघडेल. तेच वीस सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर १७ पट, मग गाडी चालू होईल. सगळा खेळ ह्या अठरा सेंटिमीटरचा.

ह्यासाठी वापरतात काय, तर जाड कागदाचं मधाच्या पोळ्यासारखं बोर्ड, ज्याला आम्ही पॅकिंगवाले हनीकोंब म्हणतो. साधारण तीन इंच जाडीचे थर एकावर एक चिकटवून ठोकळे करतात. ह्या कागदाचा गुण असा की एका ठराविक दाबाला, दर चौरस सेंटिमीटरला तीनेक किलो, तो चुरगळायला लागतो आणि जाडीच्या ७० टक्के चुरगळेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. स्प्रिंगसारखा उलट फेकत नाही, ऊर्जा गिळून मरून जातो.

आणि इथे बहुतेकांची चूक होते. सगळ्यांना वाटतं जितकं जास्त कुशन तितकं सुरक्षित. अजिबात नाही! मी भाच्याला हे करून दाखवलं. एक पत्र्याचा डबा घेतला, आत लोखंडाचे तुकडे टाकून वजन केलं तीन किलो, वर खाकऱ्याचं पाकीट ठेवलं, आणि खाली चौकात कोणी नाही बघून, भाच्याला जिन्याच्या तोंडाशी राखण ठेवून, गॅलरीतून सुतळीवर सरळ धरून सोडला. पहिल्या वेळी डब्याच्या बुडाएवढं अख्खं हनीकोंब चिकटवलं होतं, खाकऱ्याचा भुगा झाला आणि कागदाला सुरकुतीपण नाही. दुसऱ्या वेळी मधोमध एकच बारीक ठोकळा, तो पूर्ण चपटा झाला, डबा फरशीवर आपटला, परत भुगा. मग चार कोपऱ्यांना तीन बाय तीन सेंटिमीटरचे, पंधरा सेंटिमीटर उंच, चार ठोकळे लावले. दोनदा ठोकळे कलंडले म्हणून थरांच्या मध्ये पुठ्ठा घालून पक्के केले. त्यानंतर डबा खाली गेला, ठोकळे निम्म्याहून जास्त चुरगळले, आणि उघडून बघितलं तर खाकरे अख्खे, एकाचा फक्त कोपरा उडालेला. भाचा तो चुरगळलेला ठोकळा हातात घेऊन बराच वेळ बघत बसला होता.

कारण सरळ आहे. कागद किती जोराने अडवणार हे त्याच्या क्षेत्रफळावर ठरतं. क्षेत्रफळ जास्त तर तो दगडासारखा, कमी तर लोण्यासारखा. १५ टनांच्या गाडीला १७ पटीने थांबवायचं तर हिशोब येतो साधारण नऊ चौरस मीटरचा, उंची तीस सेंटिमीटर, म्हणजे गाडीखालची सगळी जागा भरायची नाही, मोजून ठोकळे लावायचे. आणि कुठे लावायचे? जिथे बॉडी मजबूत आहे तिथे, चाकांवर किंवा ट्रॅकवर, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्यावर, भार येऊ द्यायचा नाही. हे मी माझ्या चुकीतून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याची लेथ पाठवताना मी लाकडाचे ठोकळे बेडच्या खाली न देता ऑइल पॅनखाली दिले, रस्त्यातल्या खड्ड्यांनी पॅन फाटला, पार्टीचा फोन आला तो आवाज अजून कानात आहे. बीएमडीवाल्यांनी ह्यावर छान तोड काढली, त्या गाडीचं सस्पेन्शन हायड्रॉलिक आहे, जमिनीपासूनची उंची ४५० मिलिमीटरवरून १०० वर आणता येते, म्हणजे गाडीच पोटावर बसते आणि भार सरळ बॉडीवर जातो.

पॅराशूट

एका मोठ्या मालवाहू पॅराशूटचा व्यास ३० मीटर. असं एक पॅराशूट सव्वादोन टनांच्या आसपास उचलतं, म्हणून शेरिडनसारख्या गाडीला आठ लागतात. आपल्या पी-७ मध्ये पाच मुख्य, पाच ब्रेकची, दोन मदतनीस आणि एक खेचणारं, अशी साखळी आहे. एवढी का, तर एकदम उघडलं तर कापड फाटेल. मुख्य पॅराशूटचं तोंड आधी दोरीने आवळलेलं असतं, काही क्षणांनी छोटा कटर ती दोरी कापतो, मग ते पूर्ण फुलतं. पाच-आठ एकत्र असली की एक आगाऊ आधी फुलतं आणि सगळा भार एकट्यावर घेतं, बाकीची त्याच्या सावलीत लुळी पडतात. हे टाळायचं तर घडी घालणाऱ्याचा हात एकसारखा हवा, तेवढंच सांगतो.

रशियनांनी दुसरी वाट पण काढली. एकच ५४० चौरस मीटरचं पॅराशूट, गाडी जास्त वेगाने येते, खाली लोंबणाऱ्या काठ्या जमिनीला लागल्या की रॉकेट पेटतात आणि शेवटच्या क्षणी ब्रेक लागतो. वजन वाचतं, आणि हवेत कमी वेळ म्हणजे कोणी नेम धरायला वेळ कमी. पण काठी उतारावर किंवा झुडपावर टेकली तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

विमानातून बाहेर

विमान ताशी २५०-३०० किलोमीटरने, जमिनीपासून काही शे मीटरवर, एकदम सरळ रेषेत चालवायचं. मागचं खेचणारं पॅराशूट हवेत सोडलं जातं, त्याचा ओढा ठरलेल्या ताकदीपर्यंत पोचला की रेलमधली लॉक सुटतात आणि प्लॅटफॉर्म निघतो. बारा मीटरची फरशी तो दीड-दोन सेकंदात पार करतो. ह्या दोन सेकंदात पायलटवर काय येतं ते बघा: १५ टन वजन शेपटीकडे धावतंय, नाक वर उचललं जातंय, आणि दुसऱ्या क्षणी वजन गायब. त्यात प्लॅटफॉर्म अर्ध्यात अडकला तर विमान हाताबाहेर जातं. म्हणून बांधण्याइतकंच महत्त्व सुटण्याला आहे. आमच्या ट्रकमध्ये माल न सुटणं हेच यश, इथे मात्र एका क्षणापर्यंत पहाड आणि पुढच्या क्षणी लोणी.

अमेरिकनांची अजून एक पद्धत होती, विमान धावपट्टीला लागून अगदी हातभरावरून न्यायचं आणि पॅराशूटने गाडी मागून ओढून काढायची, म्हणजे पडायची उंचीच नाही. १ जुलै १९८७ ला फोर्ट ब्रॅगला प्रेक्षकांसमोर हे दाखवताना शेरिडन घेऊन आलेलं सी-१३० मालवाहू विमान जमिनीवर आपटलं आणि पाच जण गेले. उंची कमी केली म्हणून धोका कमी होत नाही, तो गाडीवरून पायलटवर सरकतो.

खाली येताना वारा

चारशे मीटरवरून आठच्या वेगाने म्हणजे पन्नास सेकंद. वारा सेकंदाला सात मीटर असला, जो आपल्याकडे उत्तरायणाला पतंगवाल्यांना चांगला वाटतो तेवढाच, तर गाडी साडेतीनशे मीटर वाहत जाते. शिवाय विमान सेकंदाला पंच्याहत्तर मीटर पुढे जातंय, दोन गाड्यांमध्ये पाच सेकंदांचं अंतर पडलं तर खाली पावणेचारशे मीटर. चार गाड्या टाकल्या की मधली तीन अंतरं मिळून अकराशे मीटरच्या वर शेत झालं. मैदान निवडताना लांबी ह्या हिशोबाने मोजायची, आणि त्यात झाडं, विजेच्या तारा, विहिरी, ओला चिखल नको. चिखल कुशनला चांगला असं कोणी म्हणेल, पण रुतलेली गाडी ओढायला दुसरी गाडी कुठून आणणार.

टेकल्यावर लगेच पॅराशूट सुटलं पाहिजे, नाहीतर तीस मीटरचं शीड वाऱ्याने फुगून गाडीला फरफटत नेतं किंवा उलटं करतं. भार कमी झाला की आपोआप सुटणारा हूक असतो. पण पॅराशूट उघडतानाही दोऱ्या क्षणभर सैल पडतात, तेव्हाच सुटला तर संपलं, म्हणून त्याला दहा-वीस सेकंदांचं कुलूप असतं, तेवढा वेळ गेल्याशिवाय तो जागाच होत नाही.

पहिला अर्धा तास

सिनेमात गाडी टेकते आणि गोळीबार करत निघते. खरं तर गाडी उतरली तेव्हा ती एक बांधलेलं पार्सल आहे. ड्रायव्हर आणि गनर वेगळ्या पॅराशूटने कुठेतरी दुसरीकडे पडलेत, रात्र आहे, गवत कमरेएवढं. आधी गाडी शोधायची, मग आपली ती हीच का बघायचं, पट्ट्या कापायच्या, नळी मोकळी करायची, चुरगळलेल्या कागदाच्या ढिगावरून गाडी खाली आणायची.

सोव्हिएत गाड्यांवर ह्यासाठी रेडिओ बीकन बसवायचे, क्रू हातातल्या रिसीव्हरने शोधत जायचा, तरी वेळ जायचा. तेव्हा पॅराट्रूपर्सचे सेनापती वसिली मार्गेलोव्ह ह्यांनी ठरवलं की माणसं गाडीतच बसवून टाकायची. ५ जानेवारी १९७३ ला तुलाजवळ बीएमडी-१ मध्ये बसून जे दोघे खाली आले, त्यात एक झुयेव्ह नावाचा अधिकारी आणि दुसरा मार्गेलोव्हांचा सख्खा मुलगा अलेक्सांद्र. खुर्च्या अंतराळवीरांच्या खुर्चीवरून बनवलेल्या. उतरल्यावर गाडी लगेच चालू करून हाकली. १९७६ च्या जानेवारीत त्याच मुलाने रॉकेटवाल्या सिस्टीमनेही उडी घेतली. बाप म्हणून त्या माणसाचं त्या मिनिटभरात काय झालं असेल ह्याचा विचार केला की मला अजून पोटात गोळा येतो, पण दुसऱ्याच्या मुलांना बसवायच्या आधी आपला बसवला, हे मी मानतो.

६ जून १९४४ च्या संध्याकाळी इंग्रजांनी साडेसात टनांच्या टेट्रार्क टँक मोठ्या ग्लायडरमधून नॉर्मंडीत उतरवल्या. तिथे झालं काय, तर आधी उतरलेल्या सैनिकांनी टाकून दिलेली पॅराशूटं शेतभर पसरली होती, त्यांच्या दोऱ्या टँकच्या चाकांत गुंडाळल्या गेल्या आणि अनेक टँक जागच्या जागी बसल्या. शत्रूची एक गोळी न लागता! बडोद्यात ज्याने उत्तरायणानंतर स्कूटरच्या चाकातून मांजा काढलाय त्याला हे समजावून सांगायला नको, तो ब्लेडने कापून कापून अर्धा तास जातो, इथे तर जाड दोर. डिसेंबर १९८९ मध्ये पनामात शेरिडन रात्री टाकल्या, तेव्हाही काही उतरतानाच निकामी झाल्या. म्हणून चार हव्या असतील तर पाच-सहा टाका, आणि प्लॅन असा करा की चालू होतील तेवढ्यांवर भागेल.

११ डिसेंबर १९७१ ला आत्ताच्या बांगलादेशातल्या टांगाइलला आपली सेकंड पॅरा, म्हणजे मूळची मराठा पलटण, उतरली तेव्हा सामान वाहायला गावातली माणसं धावून आली होती. पण लोक आपल्या बाजूचे असतीलच असं धरून प्लॅन करता येत नाही, म्हणून ह्या अर्ध्या तासाचा सराव वेगळा करायचा, डोळ्यावर पट्टी बांधून, कुठली पट्टी आधी आणि कुठली नंतर, कारण चुकीची आधी कापली तर गाडी एका बाजूला कलते. शेवटी कापायच्या पट्ट्यांना हाताला लागेल अशी गाठ मारायची, रंगाच्या खुणेचा अंधारात उपयोग नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस, एकच जण मोठ्याने नंबर म्हणणार. पॅराशूटच्या दोऱ्या ट्रॅकच्या वाटेतून ओढून बाजूला केल्याशिवाय ड्रायव्हरने इंजिनला हात लावायचा नाही. आणि पट्ट्या कापायची सुरी गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवायची नाही, ती प्रत्येकाच्या स्वतःच्या अंगावर, दोरीने बांधलेली.